उपयोग विचारेल त्याने चहा करायचा

π म्हणजे बावीस सप्तमांश नव्हे.

हे मला पदवी हातात आल्यावर कळलं. शाळेत फळ्यावर, गाइडमध्ये, प्रश्नपत्रिकेच्या कंसात सगळीकडे एकच छापलेलं असायचं: π = २२/७ घ्या. घेतला. मार्कही घेतले. एकाही माणसाला वाटलं नाही की या पोरांना सांगावं, बाळांनो, ही नुसती सोय आहे. खरा π कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही. दशांश चिन्हापुढे त्याचे आकडे चालतच राहतात आणि कधीच ठरावीक फेरा धरत नाहीत. बांगडीत, भाकरीत, बोअरवेलच्या पाइपात, जिथे म्हणून गोल आहे तिथे कधीच पुरता लिहून न होणारा एक आकडा बसलाय, आणि आम्हाला दिला बावीस सप्तमांश. पाण्याच्या बाबतीत कोणी एवढी मोठी गोष्ट दडवली असती तर आम्ही वॉर्ड ऑफिसवर मोर्चा नेला असता.

मोर्चे नेणं हेच माझं काम. मी एका लहान संघटनेत आहे. तळोज्याच्या रासायनिक कारखान्यांकडून संध्याकाळी वारा फिरला की इथल्या सेक्टरांमध्ये खिडक्या लावून घ्याव्या लागतात, घसा खवखवतो, लहान मुलं खोकत उठतात. त्या वासाविरुद्ध आम्ही पत्रकं काढतो, सोसायट्यांमधून वाटतो, सह्या घेतो. त्यामुळे मला रागाने लिहिता येतं, बाकीचं लिहिण्याची सवय कमी. आज जे लिहायचंय ते बरंचसं बाकीचं आहे. मला एक हॉल आठवतो, त्यातले रविवार आठवतात, आणि अशी काही तलफ येते की चालता चालता मी थांबते.

हॉल खांदेश्वरच्या एका सोसायटीचा. तळमजल्यावर, मीटररूमच्या मागे. तिथे मी पत्रकं वाटायलाच गेले होते. नोटीसबोर्डावर नेहमीचं होतं: टाकी धुणार, लिफ्ट बंद, परक्यांनी गाड्या लावू नयेत. या सगळ्याच्या खाली एक हाताने लिहिलेला कागद. "रविवारी सकाळी हॉलमध्ये गणिताच्या गप्पा. परीक्षेसाठी नाहीत. वयाची अट नाही." मी तो वाचला, पुढच्या विंगमध्ये पत्रकं टाकली, परत येऊन पुन्हा वाचला. परीक्षेसाठी नाहीत? या गावात? स्टेशनच्या रस्त्याला क्लासवाल्यांचे एवढे फलक, पहिल्या आलेल्या पोरांचे एवढे मोठे चेहरे, की आकाश बघायचं तर कोणाच्या तरी टक्केवारीच्या मागून बघावं लागतं. तिथे हा कागद.

रविवारी गेले. प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात गणपतीच्या मखराचा थर्माकोल, जाळी नसलेलं टेबल टेनिसचं टेबल, आणि भिंतीला पांढरा फळा. फळ्यापुढे एक बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या, सुती साडीखाली पांढरे कापडी बूट. गुडघ्यांसाठी. समोर मोजकी माणसं. एक बँकेतून निवृत्त झालेले आजोबा, कॉलेजातल्या दोन मैत्रिणी, आणि मांडीवर मेथीची जुडी घेऊन निवडत बसलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. काकूंचं घर साताऱ्याकडचं, यजमान भाजी मार्केटात व्यापारी. त्या मेथी निवडता निवडता फळ्याकडे अशा बघायच्या की पानं कुठे पडतायत याचं त्यांना भान नसायचं.

बाई जमिनीकडे बोट दाखवत होत्या. हॉलची फरशी चौरस, पांढरी.

"या एका फरशीची बाजू एक धरा. आता या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, कर्ण. किती?"

"वर्गमुळात दोन," एक मुलगी म्हणाली.

"ते नाव झालं. लांबी सांग. सात पंचमांश?"

"थोडी जास्त."

"सतरा द्वादशांश?"

"थोडी कमी."

"मग मध्ये कुठेतरी नेमका बसणारा अपूर्णांक सांगा. कितीही मोठे आकडे घ्या. घाई नाही मला."

कोणालाच सांगता येईना, आणि मग बाईंनी ते का येत नाही हे दाखवलं. समजा असा अपूर्णांक आहे. त्याला इतका संक्षिप्त करा की अंश आणि छेद दोघांनाही दोनने भाग जाईल असं उरायला नको. बरं? आता त्याचा वर्ग दोन आला पाहिजे. त्या अटीतून हळूहळू दिसतं की अंश सम असलाच पाहिजे. आणि अंश सम म्हटला की छेदही सम निघतो. पण आपण तर आत्ताच सांगितलं होतं, दोघंही एकदम सम असणार नाहीत! म्हणजे आपण ज्याला "आहे" म्हणत होतो तो अपूर्णांक नाहीच. शोधायचा राहिला असं नाही. कुणालाच कधीच सापडणार नाही.

मी पत्रकं मांडीवर घेऊन बसले होते. चार ओळींत या बाईने, मूठभर माणसांसमोर, मेथीच्या वासात, "कधीच नाही" असं सिद्ध केलं. आमच्या कामात "कधीच" हा शब्द आम्ही रोज वापरतो आणि तो रोज खोटा ठरतो. आणि मी, मठ्ठासारखी, हात वर करून विचारलं:

"पण याचा उपयोग काय?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबा डुलकी घेत होते ते जागे झाले. काकू म्हणाल्या, "आली! आपल्यात आली गं ही!" मला कळेना. बाईंनी कोपऱ्यातल्या विजेच्या किटलीकडे मार्कर रोखला.

"इथला नियम आहे गो. उपयोग विचारेल त्याने चहा करायचा. साखर डब्यात आहे. आजोबांना बिनसाखरेचा."

मी चहा केला. त्या दिवसापासून गप्पांचा एकही रविवार चुकवला नाही.

मी बारावीपर्यंत गणितात बरी होते. बरी म्हणजे, मला ते आवडायचं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. वडील तळोज्यात शिफ्टला जायचे. बारावीनंतर त्यांनी जेवताना विचारलं, "गणित घेऊन काय करणार? क्लास काढणार?" चिडून नव्हे, खरंच विचारलं. मी कॉमर्सला गेले. त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो या गोष्टीचा की सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला "मला आवडतं" हे उत्तर असू शकतं हे ठाऊकच नव्हतं. हे उत्तर कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. श्रीमंतांच्या घरात ते न शिकवता येतं.

मग हॉलमध्ये जे राहिलं होतं ते मिळायला लागलं. एका रविवारी बाईंनी एक, दोन, तीन, चार अशा सगळ्या संख्या एका ओळीत लिहिल्या, त्यांच्या खाली फक्त सम संख्या. एकाखाली दोन, दोनाखाली चार, तिनाखाली सहा. प्रत्येकाला जोडीदार मिळाला, कोणी उरलं नाही. म्हणजे सम संख्या सगळ्या संख्यांएवढ्याच. काकूंनी मेथी खाली ठेवली.

"म्हंजे निम्मे पाव्हणे उठून गेले तरी भाकरी तेवढ्याच थापायच्या?"

"पाहुणे अनंत असतील तर, हो."

"आमच्याकडं अनंतच असत्यात," काकू म्हणाल्या.

एकदा बाईंनी वजा एकचं वर्गमूळ मांडलं. आजोबा म्हणाले, हे बँकेत चाललं नसतं. बाई म्हणाल्या, "म्हणून तर तुम्ही बँकेतून सुटल्यावर शिकवत्ये." आणि एकदा त्यांनी फळ्यावर एक ओळ लिहिली. e चा iπ घात, अधिक एक, बरोबर शून्य. एक आकडा वाढीच्या हिशेबातून आलेला, एक वर्तुळातून, एक ते वजा एकचं वर्गमूळ, जे मुळात असूच नये असं वाटतं, आणि आपले एक आणि शून्य. एकमेकांच्या गावचे नसलेले पाच जण एका ओळीत उभे, आणि बेरीज शून्य. मला ते कळलं नाही. आजही पुरतं कळलेलं नाही. पण जासईच्या रस्त्यावर ट्रेलरांच्या रांगेत अडकलेली असताना, कंटेनरवर कंटेनर रचलेल्या त्या यार्डांकडे बघत, मी ती ओळ मनात लिहून काढायचे. जग इतकं नीट कुठेतरी जुळतं, हे माहीत असलं की ट्रेलरांची रांग सोसते.

आमच्या संघटनेतले दादा जासईकडचे. पन्नाशीचे. बापजाद्यांच्या भातशेतीवर आता कंटेनर उभे आहेत. पत्रक कसं लिहायचं हे मी त्यांच्याकडून शिकले. ते म्हणायचे, "पोरी, कागद हातात आला की मानूस इचारतो, ह्यात माझं काय हाय? ते पयल्या ओळीत नसंल तर तो कागद भजी बांधायला जातो." पहिल्या ओळीत वाचणाऱ्याचं नाव नसलं तरी चालेल, त्याचा नळ हवा, त्याच्या पोराचा खोकला हवा. हा नियम मी शंभर टक्के मानते. या नियमावर आम्ही पाणी आणलंय, कचरागाड्या आणल्यात.

एका रविवारी दादा मला मीटिंगला न्यायला आले आणि गप्पा संपेपर्यंत मागच्या खुर्चीवर बसले. फरशीचा विषय पुन्हा निघाला होता, एका नव्या माणसासाठी. दादा पायाखाली बघत राहिले. बाहेर पडल्यावर म्हणाले, "म्हंजे आपून रोज हिच्यावर पाय देतंव, आनि हिची तिरकी लांबी कोनाला लिवताच येनार नाय?"

"नाही."

"सरकारला पन नाय?"

"सरकारला पण नाही."

ते इतके खूश झाले की त्यांनी मला वडापाव खायला घातला.

मग सोसायटीची नवी कमिटी आली आणि वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत एक कलम निघालं. हॉल यापुढे वाढदिवस, बारसं, किटी पार्टीसाठी भाड्याने द्यायचा. फुकट वापर बंद.

बाईंचं घर वन आरके. त्यात मुलगा, सून, दोन नातवंडं. रविवारी सकाळी सगळे झोपलेले. तिथे फळा लावायला भिंत नव्हती आणि बसायला जागा नव्हती. हॉल गेला तर गप्पा गेल्या. बाई आयुष्यभर अभ्यासक्रम शिकवत आल्या होत्या, आणि जे शिकवायचं राहून गेलं होतं ते फक्त इथे शिकवत होत्या. कलमाचं कळलं तेव्हा त्या फळा जास्तच वेळ पुसत राहिल्या, एवढंच.

मी म्हटलं, बाई, सोडा माझ्यावर. हे माझं काम आहे.

मी पत्रक लिहिलं. असं पत्रक मी आधी कधी लिहिलं नव्हतं. पहिलीच ओळ, "तुमच्या हॉलच्या फरशीत एक आकडा आहे जो कुणालाच लिहिता येत नाही." मग पाहुणे आणि भाकऱ्या. मग, इथे दर रविवारी कुठलाही फायदा नसलेलं काहीतरी घडतं, ते बंद करू नका. दादांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं.

"मला आवडला. पन मला म्हायती हाय आत काय हाय ते. चौथ्या मजल्यावरच्या बाईला काय म्हायती?"

"म्हणून तर लिहिलंय."

"तिला पोरगा हाय ना? धाव्वीला?"

"असेल."

"मंग तिच्या पोराचं लिव."

आम्ही भांडलो. चांगलं तासभर. मी म्हटलं, दादा, ज्या गोष्टीचा फायदाच नाही तिचा फायदा कसा लिहू? ते म्हणाले, हॉल पायजे का कविता पायजे? हा प्रश्न मीच दहा ठिकाणी दहा जणांना विचारलेला. शेवटी दोघांनी मिळून नवं पत्रक केलं. "आपल्या मुलांचं गणित कच्चं आहे? आपल्याच सोसायटीत, अनुभवी शिक्षिका, विनामूल्य. हा हॉल मुलांच्या भविष्यासाठी वाचवा." चांगलं पत्रक होतं. आजही म्हणेन. एकही शब्द वाया नव्हता.

सभेला एवढी गर्दी सोसायटीने कधी पाहिली नव्हती. जे मेंटेनन्सच्या विषयाला येत नाहीत ते आले होते, पोरांना घेऊन. सेक्रेटरी गृहस्थ मुंबईतून नव्याने आलेले, एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. माणूस वाईट नव्हता.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका, आमचा गणिताला विरोध नाही," ते बाईंना म्हणाले. "फक्त सोसायटीला काय मिळतं, एवढंच बघायचंय."

आजोबा मागून ओरडले, "चहा!"

काकू, मी आणि त्या दोन मुली खो खो हसलो. सेक्रेटरींना कोणीतरी नियम समजावला. तेही हसले. मग बाई उठल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या गाडीचा नंबर सांगा."

"पस्तीस चोवीस."

"हेच आकडे मोठ्यापासून लहान लावा. चोपन्नशे बत्तीस. आता उलटे लावा, तेवीसशे पंचेचाळीस. वजा करा. जे येईल त्याचं पुन्हा असंच. करत राहा."

सेक्रेटरींनी मोबाइल काढला. सभेतल्या बऱ्याच जणांनी काढला, आपापल्या गाड्यांचे नंबर घालून. काही वेळ हॉलमध्ये नुसता बोटांचा आवाज. मग सेक्रेटरी म्हणाले, "एकसष्टशे चौऱ्याहत्तर. आता परत तेच तेच येतंय." पलीकडून कोणी म्हणालं, "माझंही तेच!" तिसरा म्हणाला, "अरे, माझी तर बाइक आहे!" आणि सगळे हसायला लागले. चारही आकडे सारखे नसले की कुठूनही निघा, शेवटी तिथेच. ते का, हे बाई सांगायला लागणार एवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका आईने विचारलं, "मॅडम, दहावीचा पोर्शन कधीपासून घेणार?"

हात वर झाले. हॉल वाचला. दादांनी मला पाठीवर थाप मारली. बाईंनी माझा हात हातात घेऊन दाबला. त्यांचा हात गार होता.

पुढच्या रविवारी मी पोचले तर बसायला खुर्ची नाही. पोरंच पोरं. प्रत्येकापुढे वही, गाइड, कंपासपेटी. भिंतीला टेकून आईबाप. काकू मेथीची पिशवी घेऊन दारातच उभ्या. बाईंनी सुरुवात केली आपल्या पद्धतीने. फरशी दाखवली. कर्ण विचारला. एक मुलगा मान तिरकी करून फरशीकडे बघायला लागला, खरंच बघायला लागला, मी पाहिलं. तेवढ्यात मागून एक वडील म्हणाले, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?"

मी सवयीने किटलीकडे बघितलं. किटलीवर कुणाचं तरी दप्तर होतं. कोणी टाळी वाजवली नाही. बाईंनी मार्करचं टोपण काढलं. मग वळल्या आणि फळ्यावर लिहिलं: वर्गसमीकरणे. त्याखाली सूत्र. पोरांनी माना खाली घालून उतरवून घेतलं.

असे रविवार गेले. त्या कॉलेजातल्या दोघी यायच्या थांबल्या. आजोबा म्हणाले, मला पुन्हा दहावी द्यायची नाही. मी एकदा सगळे गेल्यावर बाईंना गाठलं. मी रागात होते आणि रागात मी मोठ्याने बोलते.

"बाई, तुम्ही त्यांना नाही का म्हणत नाही? क्लास काय कमी आहेत इथे? जाऊ देत ना क्लासला!"

"जातात गो. तिथे समजलं नाही म्हणून तर इकडे आलेत."

"पण हे आपलं होतं!"

"होतं." त्या मार्करचं टोपण शोधत होत्या. "त्या चष्मेवाल्या पोराला वर्गमूळ काढता येत नाही. मार्चमध्ये परीक्षा आहे. माझ्यापुढे वही उघडून बसतो तो. त्याला सांगू, बाळा, तू जा, आम्हा मोठ्यांना इथे मजा करायची आहे?"

"आणि आपलं काय?"

"आपलं थांबेल. ते हजारो वर्षं थांबलेलं आहे."

मला टोपण सापडलं, खुर्चीखाली. मी दिलं. त्या बरोबर होत्या. आणि मला वाटतं, त्या मनातून त्या पोरांवर खूशही होत्या, चाळीस वर्षांची सवय सुटत नाही. वर्गमुळात दोन थांबेल हे खरं. त्याला घाई नाही. मला आहे. मला एकदा उशीर झालेला आहे.

दादांना सांगितलं. ते म्हणाले, "जिंकलो ना आपून?" मग माझं तोंड बघून म्हणाले, "नियम चुकला नाय गो. मानसं नळ मागत्यात, आपून नळ देतो. पन त्यांना तहान हाय ती दुसरीच कसली, ते इचारायला आपल्याकडं कागदच नाय." नंतर लगेच म्हणाले, मंगळवारचं पत्रक तयार आहे का? तयार होतं.

त्या पोरांतला एखादा कधी π बद्दल खरं ऐकेल का, मला माहीत नाही. सूत्रात अजूनही बावीस सप्तमांशच घालतात. हे सगळं पुन्हा उकरून कोणाला दोष द्यायचा? सेक्रेटरींना? आईबापांना? त्यांनी तेच केलं जे माझ्या वडिलांनी केलं होतं. घाबरलेली माणसं उपयोग विचारतात. आणि आपण सगळे घाबरलेलो आहोत, या नव्या गावात, कर्जाच्या फ्लॅटांत, वारा फिरला की खिडक्या लावत. मला त्या भीतीचा राग येतो. तिने आमच्या रविवारची जागा घेतली, रीतसर ठराव करून, हात वर करून.

हॉलमध्ये आता काकूही जात नाहीत, मीही नाही. गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. "कुठं हायस? मी स्टेशनात बसलीय, ये." खांदेश्वरचं स्टेशन आतून एवढं मोठं आणि रविवारी सकाळी एवढं रिकामं असतं की आवाज घुमतो. काकू पायऱ्यांवर बसल्या होत्या, शेजारी मेथी, हातात मोबाइल.

"मला एक सांग. या मूळ संख्या कधीतरी संपत असतील ना? मोठ्या मोठ्या आकड्यांना कोण ना कोण भागणारच की."

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कोणी भागत नाही ती. दोन, तीन, पाच, सात. मी म्हटलं, संपत नाहीत, असं वाचलंय. सगळ्या गुणायच्या आणि एक मिळवायचा, मग नवी मिळते.

"करून दाव."

दोन गुणिले तीन, अधिक एक, सात. मूळ. दोन, तीन, पाच गुणून एक मिळवला, एकतीस. मूळ. सात घेतला, दोनशे अकरा. मूळ. अकरा घेतला, तेवीसशे अकरा. काकू मोबाइलवर भागून भागून बघत होत्या, मूळच. तेरा घेतला. तीस हजार एकतीस. काकूंनी बराच वेळ भागलं. मग थांबल्या.

"ही भागली गं. एकोणसाठने भागली. पाचशे नऊ वेळा."

मी स्वतः करून पाहिलं. खरंच भागत होती. म्हणजे मोडलं? इतक्या वर्षांपूर्वी कोणीतरी सिद्ध केलेलं, आम्ही दोघींनी खांदेश्वर स्टेशनात मोडलं? मला बाई हव्या होत्या. इतक्या हव्या होत्या की मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. क्लास चालू होता.

काकू आकड्याकडे बघत मेथीची काडी चावत होत्या.

"पण मी काय म्हणते. ही एकोणसाठ... आपण गुणलेल्यांत होती का?"

"नाही. आपण तेरावर थांबलो."

"मग नवीच की ही. मोठा भागला, पण भागणारी नवी निघाली." त्या माझ्याकडे बघायला लागल्या. "म्हंजे संपत नाहीच. हो ना?"

"हो," मी म्हटलं. खरं तर ओरडले. तिकीट खिडकीजवळचा माणूस वळून बघायला लागला. काकू हसता हसता पदर डोळ्यांना लावत होत्या. आम्हाला ते कोणाला तरी सांगायचं होतं. एकाच माणसाला.

मी पुन्हा फोन लावला. उचलला गेला नाही.

"सुटला की करतील," काकू म्हणाल्या.

मी मोबाइल आमच्या दोघींच्या मध्ये, पायरीवर स्क्रीन वर दिसेल असा नीट ठेवला. क्लास सुटायला वेळ होता. काकूंनी अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली आणि मी निवडायला लागले.